द्राक्षातील पक्वताकालीन प्रथिने
द्राक्षाचे फळ पिकत असताना त्याच्या गरात व सालीत साठत जाणारी प्रथिने. त्यांचे प्रमाण शर्करेच्या तुलनेत अत्यल्प असले, तरी फळाचे संरक्षण आणि वाइननिर्मिती या दोन्ही दृष्टींनी ती महत्त्वाची आहेत.

द्राक्षाचे मणी प्रथम हिरवे, कठीण व आंबट असतात. पुढे ते मऊ पडतात, त्यांत शर्करा साठू लागते व रंगीत जातींत सालीवर रंग चढतो. या स्थित्यंतरास बागायतदार ‘मण्यात पाणी उतरणे’ असे म्हणतात. याच सुमारास ही प्रथिने तयार होऊ लागतात व फळ पिकेपर्यंत वाढत जातात. ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथील संशोधकांनी १९९७ मध्ये या दोन घटनांची सांगड दाखवून दिली.

या प्रथिनांचे दोन प्रमुख गट आहेत. थौमॅटिनसदृश प्रथिनांची रचना पश्चिम आफ्रिकेतील एका वनस्पतीच्या फळात आढळणाऱ्या थौमॅटिन या अतिशय गोड प्रथिनासारखी असते. त्यांचा रेणुभार सु. २०,००० ते २५,००० डाल्टन असतो. दुसरा गट कायटिनेज या एंझाइमांचा असून त्यांचा रेणुभार सु. २५,००० ते ३२,००० डाल्टन असतो. कवकांच्या कोशिकाभित्तीतील कायटीन या घटकाचे ती विघटन करतात. अनेक वनस्पतींत अशी प्रथिने रोगाचा हल्ला झाल्यावर निर्माण होतात; द्राक्षात मात्र ती निरोगी फळातही साठतात. शर्करायुक्त मऊ फळ कवकांना सहज बळी पडणारे असल्याने ही पूर्वतयारी फळास उपकारक ठरते. प्रयोगशाळेत ही प्रथिने काही कवकांच्या वाढीस अडथळा आणतात, असे आढळले आहे. तथापि हे संरक्षण अपुरे असते; दमट हवेत पिकलेले घड बोट्रायटिस कवकामुळे कुजतात.

आम्लता व प्रथिनभंजक एंझाइमे यांना ही प्रथिने दाद देत नाहीत. त्यामुळे किण्वनानंतरही ती वाइनमध्ये टिकून राहतात. पांढरी वाइन उष्ण जागी ठेवल्यास प्रथिनांच्या रेणूंची घडी उलगडते, रेणू एकत्र येतात व वाइन गढूळ होते. अशी वाइन अपायकारक नसते. पण ग्राहक ती बिघडलेली समजून नाकारतो. तांबड्या वाइनमध्ये टॅनिनांशी संयोग होऊन बरीच प्रथिने आधीच तळाशी बसतात.

गढूळपणा टाळण्यासाठी बाटल्या भरण्यापूर्वी वाइनमध्ये बेंटोनाइट ही माती मिसळतात. वाइनच्या आम्लतेत प्रथिनांवर धन व बेंटोनाइटवर ऋण विद्युत् भार असतो. त्यामुळे प्रथिने मातीच्या कणांना चिकटून साक्याबरोबर निघून जातात. मात्र साक्यात काही वाइन वाया जाते व स्वादद्रव्येही थोडी कमी होतात. ही प्रथिने नसलेली द्राक्षे पिकविणे हा यावरील सोपा उपाय वाटला, तरी वाइनमध्ये दोष ठरणारा हा घटक वेलीवरील फळाच्या संरक्षणाचाच एक भाग आहे, हे विसरता येत नाही.