शेंगोळ्यांचे सूप : चव तीच, चावण्याचे कष्ट नाहीत

वार्धक्यात जेवण कमी होते, हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यामागची कारणे शोधायचे राहूनच जाते. भूक मंदावणे हे त्यांपैकी केवळ एक कारण. दात पडलेले असतात किंवा कवळी नीट बसत नाही. तोंडाला पुरेशी लाळ सुटत नाही आणि काही औषधांमुळे हा कोरडेपणा आणखी वाढतो. गंधाची जाणीव बोथट झाल्याने पानातले अन्न बेचव लागते. मग घरात एक ठरलेली तडजोड होते : बाकीच्यांसाठी रोजचा स्वयंपाक आणि आजी-आजोबांसाठी मऊ भात, पातळ वरण किंवा खिमट. पोटाची सोय होते. पण घरात लसणीच्या फोडणीचा घमघमाट सुटलेला असताना आपल्यापुढे मात्र फिक्या रंगाची वाटी यावी, यातले एकाकीपण त्या सोयीत दिसत नाही.

ही तडजोड टाळता येईल का? अनेक पारंपरिक पदार्थांच्या बाबतीत येते. त्यासाठी त्या पदार्थाचा जीव कशात आहे, हे आधी ओळखावे लागते. आज उदाहरण म्हणून हुलग्याचे शेंगोळे घेऊ.

पदार्थाचा जीव कशात?

देशावर ज्याला हुलगा म्हणतात तोच कोकणातला कुळीथ. कमी पावसाच्या, हलक्या जमिनीतही तग धरणारे हे कडधान्य पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील कोरडवाहू भागांत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले गेले. हुलग्याच्या पिठात थोडी कणीक, लसूण-जिरे-मिरचीचे वाटण, हळद व मीठ घालून घट्ट गोळा मळायचा, तेलाचा हात घेऊन त्याचे बोटाएवढे शेंगोळे वळायचे आणि फोडणीच्या पाण्याला आधण आले की त्यात सोडायचे. शिजता शिजता पीठ पाण्यात उतरते, रस आळतो आणि थंडीच्या दिवसांत ताटलीभर शेंगोळे हेच पुरे जेवण होते.

आता वृद्धांच्या दृष्टीने पाहू. शेंगोळा चिवट असतो. तो चावण्यास दात हवेत आणि गिळण्यास घशाची शक्ती हवी. त्यातही पातळ रस आणि घट्ट तुकडा एकाच घासात येणे, हे गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी विशेष अवघड असते. तुकडा चावेपर्यंत रस घशाकडे धाव घेतो आणि ठसका लागतो. स्वयंपाक करणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर मळणे आणि वळणे यांत तासभर जातो.

परंतु शेंगोळ्यांची ओळख त्यांच्या आकारात आहे की चवीत? भाजक्या हुलग्याचा खमंगपणा, लसणीचा दरवळ आणि दाटसर, गरम रस या तीन गोष्टी राखल्या, तर आकार सोडला तरी पदार्थ ओळखू येतो. म्हणून या तीन गोष्टी जपायच्या आणि चावण्याचे काम भांड्याकडे सोपवायचे.

वैलाची जागा घेणारे भांडे

मंद आचेवर तासन्‌तास शिजवणे आपल्याला नवे नाही. चुलीला जोडून वैल असे. पुढच्या चुलीवर भाकरी होत असताना वैलावरच्या मडक्यात कडधान्य किंवा आमटी आपली आपण शिजत राही. गॅस आला, प्रेशर कुकर आला आणि वैल गेला.

स्लो कुकर हे विजेवर चालणारे भांडे नेमके तेच काम करते. याचाही उगम एका कुटुंबाच्या पारंपरिक पदार्थातच आहे. ज्यू धर्मीयांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या सब्बाथच्या काळात चूल पेटवत नाहीत. म्हणून ‘चोलंट’ हा कडधान्ये, बटाटे व मांस यांचा रस्सा आदल्या दिवशीच मंद उष्णतेवर ठेवून देतात. लिथुआनियातील बालपणी पाहिलेली ही पद्धत एका आईने अमेरिकेत आपल्या मुलाला सांगितली. तो मुलगा म्हणजे आयर्विंग नॅक्सन. त्यांनी बनवलेल्या विजेच्या भांड्याला १९४० मध्ये पेटंट मिळाले. पुढे १९७० मध्ये रायव्हल या कंपनीने त्यांचा व्यवसाय घेतला आणि १९७१ पासून ते भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी पोहोचले.

या भांड्याचा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला होणारा लाभ सरळ आहे. शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत, गॅसपाशी उभे राहावे लागत नाही आणि अन्न तळाला लागण्याची भीती फारशी राहत नाही. २०० वॉटचे भांडे सहा तास पूर्ण शक्तीने चालले, तरी वीज सुमारे १.२ युनिट लागते.

कृती : पाच वाडग्यांसाठी

साहित्य : हुलगे १२५ ग्रॅम, मुगाची डाळ ५० ग्रॅम, तांबड्या भोपळ्याच्या सोललेल्या फोडी २०० ग्रॅम, भाजून दळलेले हुलग्याचे पीठ २ मोठे चमचे, लसणीच्या ८-१० पाकळ्या, जिरे १ चमचा, हळद अर्धा चमचा, हिंग, तेल २ चमचे, मीठ पाऊण लहान चमचा, लिंबू आणि वरून घेण्यासाठी साजूक तूप. तिखट चालत असल्यास अर्धी हिरवी मिरची.

१. हुलगे ताटात पसरून नीट निवडावेत. हुलग्यात त्याच रंगाचे बारीक खडे असतात आणि एक खडा दुखऱ्या दाताला पुरेसा होतो. धुऊन रात्रभर, म्हणजे १० ते १२ तास, भिजवावेत. भिजवलेले पाणी टाकून द्यावे.

२. भिजलेले हुलगे साध्या पातेल्यात ताज्या पाण्यासह गॅसवर ठेवावेत. खळखळून उकळी आल्यावर पुढे पूर्ण १५ मिनिटे उकळावेत. ही पायरी कधीही गाळू नये. तिचे कारण पुढे दिले आहे.

३. लहान कढईत तेल तापवून जिरे, हिंग, ठेचलेली लसूण व मिरची यांची फोडणी करावी. लसूण सोनेरी झाली की हळद घालून आच बंद करावी. फोडणी गॅसवरच व्हायला हवी, कारण स्लो कुकरमध्ये लसूण शिजते, पण खमंग होत नाही.

४. उकळलेले हुलगे, धुतलेली मूगडाळ, भोपळा व फोडणी स्लो कुकरमध्ये घालावी. हुलग्यांच्या उकळीचे पाणी धरून एकूण ९०० मिलिलिटर कढत पाणी घालावे. तीन लिटरचे भांडे यात सुमारे निम्मे भरते आणि तेवढेच योग्य; भांडे निम्म्याहून फार कमी किंवा पाऊण भागाहून अधिक भरू नये.

५. झाकण लावून जास्त उष्णतेवर ५ ते ६ तास किंवा कमी उष्णतेवर ८ ते ९ तास ठेवावे. मधून मधून झाकण उघडण्याचा मोह आवरावा. प्रत्येक वेळी साठलेली वाफ जाते आणि शिजण्याचा वेळ वाढतो. हुलगा दोन बोटांत सहज चिरडला गेला म्हणजे झाले.

६. हुलग्याचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवून भांड्यात घालावे, ढवळावे आणि जास्त उष्णतेवर आणखी ३० ते ४० मिनिटे शिजू द्यावे. शेंगोळ्यांची ओळखीची चव या पिठातून येते.

७. थोडे निवल्यावर मिक्सरमधून काढावे आणि मोठ्या छिद्रांच्या गाळणीतून गाळावे. हुलग्याची साले कितीही शिजवली तरी विरघळत नाहीत. ती घशाला चिकटतात. गाळलेले सूप पुन्हा उकळून त्यात मीठ घालावे. लिंबू नेहमी शेवटी पिळावे, कारण आंबट पदार्थ आधी घातला तर कडधान्य लवकर मऊ होत नाही.

स्लो कुकर नसेल, तर त्याच्यावाचून काही अडत नाही. भिजवलेले हुलगे, डाळ व भोपळा प्रेशर कुकरमध्ये सात-आठ शिट्ट्या होईपर्यंत आणि नंतर मंद आचेवर १५ मिनिटे शिजवावेत. पुढची कृती तीच. पीठ लावल्यावर मात्र १० मिनिटे ढवळत उकळावे.

उकळण्याची पायरी का महत्त्वाची?

कच्च्या कडधान्यांत लेक्टिन नावाची प्रथिने असतात. लाल राजम्यात त्यांतील एक प्रकार इतका तीव्र असतो की अर्धेकच्चे चार-पाच दाणेही उलट्या व जुलाब घडवू शकतात. पूर्ण उकळीच्या उष्णतेने ही प्रथिने निकामी होतात. स्लो कुकर मात्र हळूहळू तापतो आणि कमी उष्णतेवर त्यातील अन्न उकळीपर्यंत पोहोचेलच असे नाही. त्यामुळे दाणा मऊ झाला, तरी तो निर्धोक झाला असे म्हणता येत नाही. राजम्याच्या बाबतीत हा नियम अटळ आहे. हुलगा, चवळी, वाल यांच्या बाबतीतही तो पाळणेच शहाणपणाचे. निरोगी तरुणाला जुलाबांचा त्रास एक-दोन दिवस होईल, परंतु ऐंशीच्या घरातील व्यक्तीला त्यातून शरीर कोरडे पडून रुग्णालयात जावे लागू शकते.

दुसरी काळजी विजेची. सूप शिजत असताना वीज गेली आणि ती किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसेल, तर ते अन्न टाकून द्यावे. वीज गेल्याचे लगेच लक्षात आले, तर पातेल्यात काढून गॅसवर शिजवून घ्यावे. उरलेले सूप दोन तासांच्या आत, उथळ भांड्यांत ओतून फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे. ते पुन्हा गरम करताना गॅसवर खळखळून उकळावे. स्लो कुकरमध्ये गार अन्न तापवू नये.

एका वाडग्यात किती पोषण?

सूप म्हणजे पौष्टिक, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पातळ सूप पोट भरते आणि पोषण थोडेच देते. ज्यांची भूक आधीच कमी आहे, त्यांच्या बाबतीत ही फसगत महागात पडते.

हिशेब मांडू. हुलग्यात दर १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. वर दिलेल्या प्रमाणात, गाळताना जाणारा भाग सोडला, तर एका वाडग्यात साधारण ७ ग्रॅम प्रथिने येतात. वृद्धांना शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज किमान १ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींना दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. तेव्हा हे सूप दिवसभराच्या आहाराचा एक भाग आहे, संपूर्ण जेवण नव्हे. सोबत मऊ भात, दही, चालत असल्यास उकडलेले अंडे द्यावे. वाडग्यात चमचाभर तूप घातल्यास उष्मांक वाढतात आणि सूप घशाखाली सहज उतरते. पाणी वाढवून सूप पुरवण्याचा मोह टाळावा.

मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिने व पोटॅशियम यांची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. युरिक ॲसिड वाढलेले असल्यास कडधान्यांविषयी विचारून घ्यावे. हुलग्याच्या काढ्याने मुतखडा विरघळतो असे घरोघर ऐकू येते. त्या भरवशावर चालू उपचार थांबवू नयेत.

वाढताना

रुग्णाला ताठ बसवावे, हनुवटी वर उचललेली नसावी आणि घास लहान असावा. एक घास पूर्ण गिळल्यावरच दुसरा द्यावा. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. जेवताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा होणे किंवा पुन्हा पुन्हा छातीत कफ होणे ही गिळण्याच्या दोषाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सूप किती दाट असावे, हे वाचा व गिळण्याच्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावे. कोणाला दाट सोसते, तर कोणाला तोच दाटपणा घशात अडकतो.

घरातील इतरांना शेंगोळे हवे असतील, तर दोन स्वयंपाक करण्याची गरज नाही. वृद्धांचा वाटा काढून ठेवावा, उरलेल्या सुपात थोडे पाणी घालून ते गॅसवर उकळावे आणि त्यात मूठभर शेंगोळे सोडून आतपर्यंत शिजेतो, साधारण २० मिनिटे, ठेवावेत. ते वळण्याचे काम, हात चालत असतील तर, आजींकडेच द्यावे. ज्यांना शेंगोळे चावता येत नाहीत त्यांना ते वळता येतात. बोटांना सौम्य व्यायाम होतो आणि स्वयंपाकातले त्यांचे स्थान टिकून राहते.

चव ठरवतानाही त्यांना विचारावे, मात्र एका बाबतीत सावध राहून. जिभेची जाणीव मंदावल्याने वृद्धांना मीठ कमीच वाटते आणि घरचे हात सैल सोडतात. दिवसभराच्या सर्व आहारातून मिळून मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. तेव्हा मीठ मोजून घालावे. लसूण, जिरे आणि लिंबू मात्र त्यांना विचारून वाढवावे. ‘लसूण अजून हवी होती’ असे त्या म्हणाल्या, तर पुढच्या वेळी दोन पाकळ्या अधिक ठेचाव्यात.