अनेक कंठ, एक ध्रुपद

वेल्सच्या स्तोत्रगायनाची मोहिनी कशात आहे, हे तिथल्या चॅपलमध्ये गाणारे कोण होते ते पाहिले की निम्मे कळते. खाणकामगार, लोहार, शेतावरचे गडी, मोलकरणी. विल्यम विल्यम्स पँटिकेलिन (१७१७–१७९१) यांनी गावोगाव हिंडत वेल्श भाषेत शेकडो स्तोत्रे रचली ती याच माणसांसाठी. ॲन ग्रिफिथ्स (१७७६–१८०५) ही शेतकऱ्याची मुलगी ऐन तारुण्यात गेली. तिची बहुतेक पदे वाचली ती रूथ नावाच्या मोलकरणीच्या पाठांतरामुळे. सोपानदेवांनी उतरवून घेतली म्हणून बहिणाबाई चौधरींची गाणी उरली, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही कहाणी परकी वाटणार नाही.

या गाण्याला शिस्त आली ती १८५९ साली. येइआन ग्विल्ट या टोपणनावाने ओळखले जाणारे जॉन रॉबर्ट्स यांनी त्या वर्षी चालींचे पुस्तक काढले आणि अबर्डेअर येथे अनेक चॅपलांचे लोक एकत्र बसवून गाण्याचा मेळावा भरवला. पुढे असे मेळावे वेल्सभर रुजले. त्यांत सारी सभाच गायकवर्ग असते. ऐकायला म्हणून कुणी येत नाही. सभा चार भागांत बसते: बायकांचे वरचे व खालचे स्वर, पुरुषांचे वरचे व खालचे. हे चार स्वर एकाच वेळी वेगवेगळ्या वाटांनी चालतात आणि ओळीच्या शेवटी एकमेकांत मिसळतात. गरिबाला हे शिकता आले ते जॉन कर्वेन यांनी प्रसृत केलेल्या अक्षरलिपीमुळे. पाच रेघांची महागडी, अवघड स्वरलिपी तीत नव्हती, होती फक्त स्वरांची आद्याक्षरे. आपला सा जसा कोणत्याही पट्टीत धरता येतो तसाच त्या लिपीतला पहिला स्वरही सरकता होता. सरगम शिकलेल्या माणसाला ती तासाभरात कळावी. दिवसा कोळसा खणणारा माणूस संध्याकाळी ही अक्षरे वाचून अवघड रचना गाऊ लागला. १८७२ आणि १८७३ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये कॅराडॉग यांच्या मोठ्या गायकवृंदाने बाजी मारली. हे कॅराडॉग मूळचे लोहार.

१८७७ साली ऱ्होंडा खोऱ्यातल्या टिनेविड खाणीत पाणी शिरले आणि काही कामगार आत अडकले. काळोखात, उपाशीपोटी, पाण्याने वेढलेले असताना ते ओळखीचे स्तोत्र गात राहिले. शेवटचे पाच जण कित्येक दिवसांनी जिवंत बाहेर आले. स्तोत्र तोंडपाठ असणे म्हणजे काय, ते या प्रसंगावरून उमगते. दिवा, पुस्तक, पेटी, पाद्री यांतले काही नसतानाही ते माणसापाशी असते.

या गाण्याची लाट महाराष्ट्राच्या दाराशी येऊन गेली आहे. १९०४ च्या अखेरीस लाउखोर येथे इव्हान रॉबर्ट्स या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या सभांतून वेल्समध्ये धर्मजागृती उसळली. तोही पूर्वी खाणीत राबलेला. त्या सभांत प्रवचन थोडे, गाणे फार. एखाद्या बाईने बाकावरूनच पद उचलले की सारी सभा ते धरी. या जागृतीची बातमी १९०५ मध्ये खासी टेकड्यांत पोहोचली, कारण तिथे १८४१ पासून वेल्श मिशनरी होते. आणि ती केडगावलाही पोहोचली. पुणे–सोलापूर लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे असलेल्या या गावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन होते. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो विधवा आणि मुली तिथे राहत. वेल्सची हकिगत कळल्यावर रमाबाईंनी त्यांचे प्रार्थनागट पाडले आणि जूनअखेर तिथेही तसाच उमाळा आला. ज्यांना बोलण्याचा हक्कच कुणी दिला नव्हता अशा मुली एकत्र, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. त्या काळच्या केडगावचे हे चित्र कोणत्याही श्रद्धेच्या माणसाला हलवून सोडते.

मात्र वेल्सहून उत्कटता आली तरी चार स्वरांचे गाणे मराठी मनात खोल गेले नाही. त्याचे कारण भाषेत आहे. इंग्रजी चालीतला ठोका शब्दाच्या आघातावर पडतो. मराठीला तसा जोरकस आघात नाही, तिला ऱ्हस्व-दीर्घाचे वजन आहे. परक्या चालीवर मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व अक्षर विनाकारण ताणले जाते, दीर्घ चिरडले जाते, आणि पद पाठ झाले तरी जिभेवर खेळत नाही. मराठी ख्रिस्ती गीतांना देशी वळण देणाऱ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) आरंभीचे. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ही वाट प्रशस्त केली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग आणि भजने लिहिली, ‘अभंगांजली’ रचली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या सुमारे अडीचशे रचना आल्या. याच मिशनचे ठाणे सोलापुरातही होते. तिथे १८६० च्या दशकापासून चार्ल्स हार्डिंग यांनी काम केले. सोलापूर भागातल्या मराठी मंडळ्यांना हार्मोनियम, तबला आणि झांजांवर गाता येईल असे पद मिळाले, ही टिळकांची देणगी त्यांच्या कवितेइतकीच मोठी मानायला हवी.

टिळकांनी जिथून चाल घेतली तो वारकरी अभंगांचा झरा सोलापूर जिल्ह्यातच येऊन मिळतो. सोलापूर शहरापासून पंढरपूर साधारण ७० किलोमीटरवर. आषाढीला शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून जाते. आळंदीची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला लष्करी शिस्त लावली. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले. कोणत्या प्रहरी काय गायचे तेही ठरलेले. पहाटे काकडा, मग त्या त्या वाराचे अभंग, पुढे गवळणी, संध्याकाळी हरिपाठ. विणेकरी मध्ये, मृदंग त्याच्याजवळ, टाळकरी दोन्ही बाजूंना ओळीने. एका बाजूने चरण म्हणायचा, दुसरीने तो झेलायचा, आणि ध्रुपद सर्वांनी मिळून.

इथे चार स्वरपंक्ती नाहीत. सारे एकच चाल गातात, कुणी वरच्या सप्तकात, कुणी खालच्या. तरी परिणाम वेल्ससारखाच होतो, कारण मुळाशी असलेली युक्ती एक आहे: ओळखीची ओळ पुन्हा पुन्हा यावी आणि प्रत्येक खेपेला चढत जावी. जॉन ह्यूज यांच्या १९०७ च्या ‘कुम ऱ्होंडा’ या चालीत शेवटची ओळ पुन्हा येते ती अधिक उंचावून. मेळाव्यात चालक हाताने खुणावून अख्खे कडवे पुन्हा गायला लावतो. दिंडीत ध्रुपद आधी संथ, मग दुगुणीत, टाळांचा कल्लोळ वाढत जातो, पावली सुरू होते, आणि मृदंगाच्या एका थापेवर सारे थांबते. त्या थांबण्यात अंगावर काटा येतो. मोठ्या अभंगाची बांधणीही याला पोषक आहे. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा. हा आखूड चरण श्वास घेण्याची जागा देतो, म्हणून हजार माणसे एकदम श्वास घेतात.

हा एकत्र श्वास महत्त्वाचा आहे. स्वीडनमधल्या योटेबोरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले. लांब ओळींचे स्तोत्र गाताना सर्वांचा श्वास एकाच लयीत चालतो आणि त्यामागोमाग ठोक्यांचा वेगही एकत्र वाढतो, एकत्र उतरतो, असे त्यांना आढळले. वारकरी ज्याला तल्लीन होणे म्हणतो, त्याची शरीरातली एक बाजू यातून दिसते. मात्र शब्दांचा अर्थ, लहानपणापासूनच्या आठवणी, शेजारी उभ्या माणसाचा आवाज ही दुसरी बाजू कोणत्याही यंत्रात मोजून होत नाही.

गाण्याने माणसे जवळ येतात, पण किती, याचा हिशेब मराठी समाजाने प्रामाणिकपणे मांडला आहे. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात दिंडीतल्या गाण्याचा आनंद लिहिला, आणि एका वाटेने चालणारे ब्राह्मण व मराठे जेवायला मात्र वेगळे बसतात याचे दुःखही लिहिले. चोखोबांचे अभंग शतकानुशतके सर्वांच्या तोंडी होते. त्यांची समाधी मात्र महाद्वाराबाहेर राहिली आणि त्यांच्या जातीच्या माणसाला विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हते. तो प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले, आणि त्यानंतर ते दार उघडले.