टीए कधी सोडायची?

आपल्या पुण्यात मराठा लाइट इन्फंट्रीची 101 टीए बटालियन आहे. टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, 1949 मध्ये उभी राहिलेली. यातला जवान एरवी आपली नोकरी-शेती सांभाळतो आणि बोलावणं आलं की वर्दी चढवतो. पुढे चाळिशी उलटते, गुडघे कुरकुरतात, लेकीची दहावी येते आणि घरात विषय निघतोच : आता पुरे करायचं का?

‘अठरा वर्षं झाली, पेन्शन मिळेलच की,’ असं आपण धरून चालतो. इथंच फसगत होते. पेन्शनला जवानाची 15 आणि अधिकाऱ्याची 20 वर्षं भरावी लागतात, पण ती प्रत्यक्ष वर्दीतल्या सेवेची. घरी काढलेले महिने त्यात धरत नाहीत. वर्षाला दोन महिन्यांचं प्रशिक्षणच झालं असेल, तर अठरा वर्षांत भरतात फक्त तीन वर्षं! ज्याला सीमेवर सलग बोलावलं, त्याची बेरीज मात्र भराभर वाढते.

म्हणून अर्ज देण्याआधी युनिटच्या कार्यालयातून भरलेल्या सेवेचा हिशेब लेखी मागवायला सांगा. चौदा भरली असतील, तर आम्ही म्हणू, थोडी कळ काढा. तीनच असतील, तर पेन्शनच्या आशेवर गुडघे झिजवण्यात अर्थ नाही. वर्दीची हौसच असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती आपण बायकाच ओळखतो! बोलावल्याचे आणि परत पाठवल्याचे आदेश एका पिशवीत जपून ठेवा. एखादी नोंद राहिली असेल, तर वर्दीत असतानाच ती दुरुस्त करून घेणं सोपं जातं.