कामाचा क्रम आणि दूरदृष्टी

दूरदृष्टी हा शब्द हल्ली सभासंमेलनांतून इतक्या सढळ हाताने वापरला जातो की, त्यास काही ठराविक अर्थ उरला आहे किंवा नाही याचीच शंका यावी. गावचा पुढारी, पतपेढीचा चेअरमन, कारखान्याचा मालक, सर्वच आपापल्या ठिकाणी दूरदर्शी असतात. निदान सत्काराच्या दिवशी तरी असतात. शेतकरीवर्गास मात्र हा गुण पारखण्याची एक साधी रीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोणी नवी जमीन घेतली, तर तो पहिल्या वर्षी तीत काय करतो ते पाहावे. ताली घालतो, विहिरीस हात लावतो, बांधावर झाडे लावतो, की मिळेल तेवढे पाणी उपसून एकदम उसाची लागण करतो? कोणते काम आधी व कोणते मागून, या क्रमात मनुष्याचा हेतू उघड होतो. हीच कसोटी उद्योगधंद्यास लावून पाहिली असता काय दिसते, ते येथे सांगावयाचे आहे. आणि त्यासाठी फार दूर जावयास नको, चिंचवडचेच उदाहरण आहे.

पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना १९५४ साली निघाला. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पवनेच्या दोन्ही अंगांच्या गावांतील जमिनी कारखान्यांकडे जाऊ लागल्या. ज्वारी-बाजरीची ती राने, व त्यांच्या मधोमध मुरमाड माळ. अशाच माळावर टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, हिचा कारखाना १९६६ साली सुरू झाला. त्याची आखणी करणारे गृहस्थ श्री. सुमंत मूळगांवकर. यांचा जन्म १९०६ सालचा, मुंबईचा. आधी सिमेंटच्या कारखान्यांत काम करून १९४९ साली ते टेल्कोत आले होते.

ट्रक तयार करणाऱ्या कंपनीने प्रथम ट्रक तयार करावा, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. मूळगांवकरांनी तसे केले नाही. त्यांनी उजाड माळावर झाडे लावावयास प्रारंभ केला आणि पाणी अडवून तलाव केला. दगडधोंड्यांत झाडे जगवावयाची म्हणजे खड्डे खोदून बाहेरची माती भरावी लागते, उन्हाळे पाळावे लागतात. हे आपणा शेतकऱ्यांस सांगावयास नको. त्या तलावावर आज हिवाळ्यात परदेशी पाखरे उतरतात. झाडे व पाणी यांच्यासोबत दुसरे काम सुरू झाले ते मुलांना शिकविण्याचे. अ‍ॅप्रेंटिसांचे शिक्षण, आणि यंत्रे घडविणारी यंत्रे व साचे तयार करण्याचा विभाग, हे आधी; मोटारगाडी मागून. चिंचवड-पिंपरीच्या या कारखान्यातून पहिली व्यापारी गाडी बाहेर पडली ती १९७७ साली. म्हणजे मध्ये अकरा वर्षे गेली.

अकरा वर्षे बिनकामाची गेली काय? मुळीच नाही. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला होता व त्यान्वये जमशेदपुरास ट्रक तयार होत असत. करार १९६९ साली संपला. ट्रकच्या तोंडावरील त्रिकोणी तारा गेला आणि त्या जागी कंपनीचे इंग्रजी टी अक्षर आले. तारा काढून अक्षर बसविणे सोपे आहे. परंतु नवीन गाडी काढावयाची तर पत्र्याचा प्रत्येक भाग दाबून घडविण्यासाठी वेगळा साचा लागतो, इंजिनाचे भाग कातण्यासाठी वेगळी यंत्रे लागतात. ती परदेशांतून आणावयाची म्हणजे परकीय चलन हवे, सरकारची परवानगी हवी, आणि विकणाऱ्याची मर्जी हवी. ज्याच्या घरी साचा घडतो त्यास गाडी बदलता येते. दुसऱ्याच्या औतावर ज्याची पेरणी अवलंबून, त्याची वाफ निघून जाते; तसाच हा प्रकार आहे. पुढे १९८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांशी भागी करून चार निरनिराळ्या मंडळींनी लहान मालगाड्या बाजारात आणल्या, तेव्हा टेल्कोने १९८६ साली स्वतः आखलेली ४०७ ही गाडी काढली. आपला भाजीपाला पुण्या-मुंबईच्या बाजारात पोचविणारी ही गाडी वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. जपानी भागीच्या त्या धंद्यांपैकी काही पुढे हात बदलून गेले, ४०७ टिकली. तिचे मूळ त्या अकरा वर्षांत आहे, असे माझे मत आहे.

तथापि या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अकरा वर्षे थांबण्यास टाटांची पत पाठीशी लागते. उसनवारीवर धंदा करणाऱ्यास ते जमणार नाही. शिवाय झाडे लावली, मुले शिकविली, म्हणून माणसांचे सर्व प्रश्न सुटतात असेही नाही. मूळगांवकर १९८९ साली निवर्तले, आणि त्याच वर्षी या कारखान्यातील कामगारांचा तंटा शनिवारवाड्यापाशी उपोषण करण्यापर्यंत गेला. यंत्राचा साचा आगाऊ घडविता येतो, मनुष्यांमधील विश्वासाचा नाही. तो रोजचा रोज घडवावा लागतो.

पत नसतानाही धीर धरता येतो, याचा दाखला कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा आहे. त्यांचा लोखंडी नांगर १९०३ साली तयार झाला. परंतु लोखंडाने जमिनीस विष चढते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिला नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. तेवढ्यावर दुसरा कोणी सायकलींच्या जुन्या धंद्याकडे परत वळला असता. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि १९१० साली माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथेही कारखान्यासोबत वस्ती उभी राहिली. हा इतिहास सर्वश्रुत असल्याने अधिक लांबवीत नाही.

आता आपल्या स्वतःच्या व्यवहाराकडे वळू. चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजाराभोवती कारखाने उभे राहिले. २००९ साली जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीचा मोठा कारखाना तेथे सुरू झाला. खेड व मावळ या तालुक्यांतून संपादनाच्या मोबदल्याच्या रकमा घरोघर आल्या. महसूल खात्यात नोकरी केल्यामुळे या रकमा कोणत्या क्रमाने खर्च होतात हे पाहण्याचा प्रसंग मला वारंवार आला. पहिल्या वर्षी बंगला आणि मोटार, दुसऱ्या वर्षी मुलामुलींची लग्ने, तिसऱ्या वर्षी भावाभावांत दावा, हा क्रम इतका ठरलेला की फेरफाराच्या नोंदीवरून घरातील हकीकत वाचता यावी. लग्न करू नये किंवा घर बांधू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या जमिनीने चार पिढ्या पोसल्या, तिच्या मोबदल्यातून पाचव्या पिढीस पोसणारी एखादी वस्तू प्रथम निर्माण व्हावयास नको काय?

असे करून दाखविणारे शेतकरी पुण्याच्याच पूर्वेस आहेत. हडपसर येथील मगरपट्ट्याची जमीन १९८२ च्या विकास आराखड्यात भावी शहरवस्तीकडे दाखविली गेली. शेती फार काळ राहणार नाही, हे तेथील मंडळींनी ओळखले. एकेकाने तुकडे विकण्याऐवजी श्री. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, तिची कंपनी केली, आणि जितकी जमीन तितका भाग, या प्रमाणात प्रत्येकास भागीदार केले. २००० सालच्या सुमारास बांधकामे सुरू झाली. बांधकामास लागणारी वाहतूक, खोदाई, विटा-ठोकळे यांची कामे याच कुटुंबांतील तरुणांनी घेतली व त्यांस त्याचे शिक्षण देण्यात आले. येथेही क्रम पाहावा: आधी भागांची नोंद व मुलांचे शिक्षण, मग इमारती. अर्थात ते सर्व बहुतांशी एकाच आडनावाचे, एकमेकांच्या नात्यागोत्यातील. शिवाय जमीन शहरास लागून. पाच गावच्या अनोळखी खातेदारांस हे इतक्या सहज साधेल असे मी म्हणत नाही.

मात्र या क्रमातील पहिली पायरी कोणत्याही गावास शक्य आहे, आणि तिला पैसा लागत नाही. संपादनाची नोटीस निघण्यापूर्वीच वारसांच्या नोंदी पुऱ्या करून घ्याव्यात. आजोबांचे नाव सातबाऱ्यावर तसेच असेल, किंवा बहिणींची नावे गाळली असतील, तर निवाड्याच्या वेळी हरकत येते. हिश्श्याचा वाद निघाला की रक्कम वाटता येत नाही. प्रकरण निर्णयासाठी न्यायाधिकाऱ्यांकडे जाते आणि वर्षानुवर्षे अडकून पडते. मुलींस वडिलार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या व सर्व देशात २००५ च्या कायद्याने मिळालेला आहे. हक्कसोड लिहून घेण्याची घाई करण्यापेक्षा त्यांना चर्चेस बोलवावे. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर नोंद होते. ज्यांच्या गावांत मोजणीचे दगड अद्याप पडलेले नाहीत, त्यांनी हे काम या उन्हाळ्यातच उरकावे.