छपरावरून दिसलेला धूमकेतू

घरातलं घड्याळ रोज चार सेकंद मागे पडायला लागलं तर काय होईल? काही नाही. फार तर एखाद्या दिवशी शाळेची बस चुकेल. पण तेच घड्याळ भर समुद्रातल्या जहाजावर असेल तर? पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. या हिशेबाने विषुववृत्तावर चार सेकंद म्हणजे जवळजवळ 1.85 किलोमीटर! जुन्या काळी कप्तान सूर्य-तारे पाहून जहाजावर किती वाजले ते काढायचे, ग्रिनिचला किती वाजले ते घड्याळात बघायचे आणि दोन्हींतल्या फरकावरून रेखांश ठरवायचे. घड्याळाने रोज चार सेकंद खाल्ले, तर शंभर दिवसांनी हिशेब 185 किलोमीटरने चुकणार. आणि मधे खडक असला तर?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ नँटकेट नावाचं बेट आहे. तिथली जहाजं देवमाशांच्या शिकारीला पार प्रशांत महासागरात जायची, ती तीन-तीन, चार-चार वर्षांनी परतायची. देवमाशाच्या तेलावर तेव्हा दिवे जळायचे ना! या जहाजांवर क्रोनोमीटर नावाची खास घड्याळं असत. आता गंमत ऐका. क्रोनोमीटर चुकलं तरी चालतं. फक्त ते रोज सारखंच चुकलं पाहिजे आणि किती चुकतं ते आधी माहीत पाहिजे. मग तेवढे सेकंद मिळवले की झालं. म्हणून जहाज निघण्याआधी आकाशातल्या वेळेशी ताडून घड्याळाची ही रोजची चूक मोजून घ्यायची. बेटावर हे काम करायचे विल्यम मिचेल. आणि त्यांची मुलगी मराया चौदाव्या वर्षापासूनच त्यात तरबेज झाली होती. जगाच्या दुसऱ्या टोकाला निघालेले कप्तान एका शाळकरी पोरीच्या आकडेमोडीवर विसंबायचे!

मरायाचा जन्म 1 ऑगस्ट 1818 चा. घरात दहा भावंडं. 12 फेब्रुवारी 1831 रोजी नँटकेटवरून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसलं, तेव्हा वडील दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि बारा वर्षांची मराया घड्याळाचे सेकंद मोजत बसली. त्या वेळांवरून त्यांनी आपल्या घराचा रेखांश काढला.

कॉलेजात ती कधी गेलीच नाही. अठराव्या वर्षी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल झाली आणि वीस वर्षं तिथेच राहिली. वाचक नसले की नौकानयनाची आणि ग्रहगणिताची जाडजूड पुस्तकं फस्त करायची. (ग्रंथपालाने असंच असावं, असं माझं मत आहे.) तोवर वडील बँकेत कॅशियर झाले होते. कुटुंब बँकेच्या वरच्या मजल्यावर राहायचं आणि छपरावर दुर्बीण.

1 ऑक्टोबर 1847. घरी पाहुणे आलेले. मराया हळूच सटकून छपरावर गेली. साडेदहाच्या सुमाराला ध्रुवताऱ्याच्या वर पाच अंशांवर तिला एक पुसट ठिपका दिसला.

पाच अंश म्हणजे किती? हात समोर ताठ धरून मूठ मिटा. मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते, म्हणजे पाच अंश झाली अर्धी मूठ. पुण्या-मुंबईहून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर दिसतो. नँटकेटहून चार मुठी. जितके अंश तुमचा अक्षांश, तितकाच ध्रुवतारा वर!

तर तो ठिपका. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. सूर्याजवळ आला की तापतो आणि शेपूट फुटतं. लांब असताना मात्र तो कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो, आणि आकाशात असे पुसट बोळे पुष्कळ. तारकागुच्छ आणि तेजोमेघही तसेच दिसतात. धूमकेतू शोधणाऱ्यांची फसगत होऊ नये म्हणून मेसिए नावाच्या फ्रेंच माणसाने अशा ठिपक्यांची यादीच करून ठेवली होती. मग मरायाने ओळखलं कसं? ध्रुवताऱ्याजवळचा तो तुकडा तिला तोंडपाठ होता. तिथे असा ठिपका नव्हताच! पुढे तो सरकलाही.

वडिलांना लगेच जगाला सांगायचं होतं, मरायाला खात्री करून घ्यायची होती. शेवटी 3 तारखेला वडिलांनी हार्वर्डच्या खगोलज्ञांना पत्र लिहिलं. त्याच दिवशी रोममध्ये फादर दे विको यांनाही तो धूमकेतू दिसला. दुर्बिणीतून नवा धूमकेतू सर्वांत आधी पाहणाऱ्याला डेन्मार्कचा राजा सोन्याचं पदक द्यायचा, पण खबर तत्काळ टपालाने कळवायची अट होती. त्यावरून थोडी ओढाताण झाली. हार्वर्डच्या अध्यक्षांनी तिची बाजू लावून धरली आणि 1848 मध्ये पदक मरायाला मिळालं.

पुढे ती युरोप पाहायला गेली. रोममध्ये तिला दे विकोंचीच वेधशाळा बघायची होती. पण तिथे बायकांना बंदी! खूप खटपटींनंतर परवानगी मिळाली, तीही कशी? अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं. म्हणजे वेधशाळा बघा, तारे नको!

1865 मध्ये न्यूयॉर्क राज्यात मुलींसाठी व्हासर कॉलेज सुरू झालं आणि मराया तिथे खगोलशास्त्राची प्राध्यापक झाली. राहायलाही तिला वेधशाळेतच जागा होती. बारा इंची दुर्बीण, वर फिरता घुमट आणि रात्री जागणाऱ्या विद्यार्थिनी. अंधार पडला म्हणून तिथून कुणाला हाकलत नसत.