पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी

गर्भाच्या कण्याचा खालचा भाग नीट मिटलेला नसेल, तर जाणकार रेडिओलॉजिस्टला त्याचा पहिला सुगावा बहुधा बाळाच्या डोक्यात लागतो. कवटीचा आडवा छेद पडद्यावर घेतला की कपाळाच्या दोन्ही बाजू किंचित आत दबलेल्या दिसतात, कवटीला लिंबाचा आकार येतो. मागचा लहान मेंदू वाकून केळ्यासारखा दिसतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील किप्रोस निकोलाइड्स, स्टुअर्ट कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही चिन्हे नोंदवली. आजही डॉक्टर त्यांना ‘लेमन साइन’ आणि ‘बनाना साइन’ म्हणूनच ओळखतात.

कारण साधे आहे. उघड्या कण्यातून मेंदूभोवतालचा द्रव झिरपत राहतो, कवटीतला दाब उतरतो आणि लहान मेंदू खाली ओढला जातो. बाळ पाठ टेकून पडले असेल तर कण्यावरचा छोटा दोष नजरेतून निसटू शकतो. डोके मात्र प्रत्येक तपासणीत मोजले जातेच. या व्यंगाला ‘स्पायना बायफिडा’ म्हणतात. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते; तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी मूल होऊ देण्याचा विचार सुरू होताच घ्यायला हवी.

पाचव्या महिन्यातल्या या सोनोग्राफीला आपल्याकडे ‘अनोमली स्कॅन’ म्हणतात. साधारण १०० नवजात बाळांपैकी दोन-तीन बाळांत काही तरी मोठे शारीरिक व्यंग असते आणि त्यांतल्या बऱ्याच बाळांच्या घराण्यात तसा कसलाही इतिहास नसतो. त्यामुळे ‘आमच्यात कुणाला काही नाही’ म्हणून ही तपासणी टाळणे चुकीचे आहे. १८ ते २० आठवडे हा तिचा नेमका काळ. विसाव्या आठवड्यात बाळाचे वजन जेमतेम ३०० ग्रॅम असते, पण अवयव घडलेले असतात, भोवती भरपूर पाणी असते आणि हाडे अजून इतकी कठीण झालेली नसतात की त्यांची सावली हृदयावर पडावी. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातली सोनोग्राफीही हवीच; कवटी न बनण्यासारखी गंभीर व्यंगे तेव्हाच दिसतात. पण तेव्हा हृदय फारच चिमुकले असते.

या तंत्राचा जन्म ग्लासगोचा. प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी लोखंडातल्या भेगा शोधण्याचे ध्वनियंत्र एका बॉयलर कारखान्यात पाहिले आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी त्यावर तपासल्या. जॉन मॅकव्हिकार आणि अभियंते टॉम ब्राऊन यांच्यासोबतचा त्यांचा निबंध १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. तत्त्व आजही तेच आहे. प्रोबमधले स्फटिक कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतात; त्या शरीरात सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात आणि उतींच्या सीमांवरून परततात. प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून खोली कळते. पाणी काळे दिसते, हाड पांढरे. यात क्ष-किरण नसतात.

सगळ्यात अवघड काम हृदयाचे. ते मिनिटाला १४०-१५० वेळा धडधडत असते आणि बाळ सतत कूस बदलत असते. चारही कप्पे दिसले म्हणजे हृदय चांगले, असा समज डॉक्टरांतही बराच काळ होता. पण काही बाळांत चारही कप्पे व्यवस्थित असतात आणि वरच्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. निरोगी हृदयातून निघताना या वाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात. इथे त्या समांतर धावतात. प्रोब थोडा वर तिरका केल्याशिवाय हे दिसत नाही. पोटात या बाळाला काही त्रास नसतो, कारण प्राणवायू वारेतून मिळतो. जन्मानंतर मात्र ते काही तासांत किंवा दिवसांत निळे पडू लागते. आधी कळले असेल तर प्रसूती हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहरात करता येते, प्रोस्टाग्लॅंडिनचे औषध लगेच सुरू करता येते आणि पहिल्या काही आठवड्यांत वाहिन्या शस्त्रक्रियेने योग्य जागी जोडता येतात. तेच बाळ अचानक एखाद्या आडगावी जन्मले तर त्याचा जीव रुग्णवाहिकेच्या वेगावर अवलंबून राहतो. मला या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग हा वाटतो.

व्यंग सापडले म्हणजे गर्भपात, ही धारणा म्हणूनच अपुरी आहे. वाकड्या पावलांना जन्मानंतर प्लास्टर घालून सरळ करता येते, मूत्रपिंडाला आलेली सूज बहुतेकदा फक्त पाहत राहावी लागते. स्पायना बायफिडावर तर पोटातच शस्त्रक्रिया होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, जन्मानंतर ऑपरेशन झालेल्या ८२ टक्के बाळांना डोक्यातले पाणी काढणाऱ्या नळीची गरज भासली. २६ आठवड्यांपूर्वी गर्भाशयातच ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. त्यात अकाली प्रसूतीचा धोका मात्र वाढतो.

तपासणीला मर्यादाही आहेत. १५ हजारांवर गर्भवतींवरच्या ‘रेडियस’ चाचणीचे निष्कर्ष अमेरिकेत १९९३ मध्ये आले. २४ आठवड्यांच्या आत मोठ्या रुग्णालयांत ३५ टक्के व्यंगे सापडली, इतर केंद्रांत केवळ १३ टक्के. यंत्रे तेव्हापासून खूप सुधारली, तरी करणाऱ्याचा सराव आणि त्याने दिलेला वेळ यांचे महत्त्व कमी झालेले नाही. डाऊन सिंड्रोमच्या कित्येक बाळांत काहीच वेगळे दिसत नाही. त्यासाठी रक्ताच्या चाचण्या आहेत. उलट रिपोर्टमधला ‘हृदयात पांढरा ठिपका’ वाचून घरच्यांची झोप उडते, आणि बाकी सारे ठीक असेल तर तो बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतो.

उशिराची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २००८ मध्ये मुंबईतले एक जोडपे आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयातला दोष गर्भपाताच्या कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा उलटल्यावर कळला होता. गर्भपाताची परवानगी नाकारली गेली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका आणि गर्भातील गंभीर व्यंगासाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरते. त्यापुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो, आणि अर्ज आल्यावर तो तीन दिवसांत द्यावा असा नियम आहे. कायदा रुंदावला, पण तालुक्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एखाद्या दिवशी येत असेल आणि त्याच्या दारात मोठी रांग असेल, तर हृदयाच्या वाहिन्या पाहायला लागणारी मिनिटे आणायची कुठून? ग्रामीण रुग्णालयांत प्रशिक्षित माणसे नेमणे हे सरकारचे काम आहे आणि त्यात ढिलाई परवडणारी नाही.

घरच्यांनी करण्याजोगे बरेच आहे. अठरावा आठवडा लागताच नोंदणीकृत केंद्रात वेळ घ्या. बाळ नीट वळत नसेल तर डॉक्टर थोडे फिरून यायला किंवा पुन्हा बोलावतात. त्यावर चिडू नका, तो चांगल्या तपासणीचा भाग आहे. हृदयाच्या मोठ्या वाहिन्या पाहिल्या का, कणा आणि लहान मेंदू दिसला का, काही पाहायचे राहिले का, हे स्पष्ट विचारा. शंका निघाली तर फीटल मेडिसिन तज्ज्ञाचे आणि बालशल्यचिकित्सकाचे मत घेतल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नका. बाळाचे लिंग विचारणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ते सोडून सगळे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.