जुळे वंशवृक्ष कसे ओळखायचे?

ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं 2021मध्ये बारसं झालं: 'इसियस तुकारामी'. 26/11च्या हल्ल्यात कसाबला पकडताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव. 'फिंटेला चोलकी' हा दुसरा कोळीही त्याच शोधनिबंधातला.

अशा जातींचं नातं वंशवृक्षात मांडतात. फक्त दहा जाती घेतल्या, तरी दोन-दोन फाटे फुटणारे वृक्ष 3,44,59,425 प्रकारे काढता येतात! म्हणून डीएनएवरून नातं शोधणारे अनेक प्रोग्राम एका उत्तराऐवजी हजारो वृक्षांचा गठ्ठा हाती देतात. त्यात सारखे कोणते?

वृक्ष कंसांच्या ओळीत लिहितात, पण नुसता मजकूर ताडून भागत नाही. '(खेकडा-कोळी,(तुकारामी,चोलकी))' आणि '((चोलकी,तुकारामी),खेकडा-कोळी)' या ओळी वेगळ्या, वृक्ष मात्र एकच. पाळण्यावरचं चिमणाळं फिरलं, तरी कुठली चिमणी कुठल्या काडीला हे बदलत नाही, तसंच.

मग कोड असा लिहितात: प्रत्येक फाट्याखालच्या जातींचा गट करायचा, नावं अकारविल्हे लावायची आणि गटांची यादीही अकारविल्हे लावायची. याद्या तंतोतंत जुळल्या, की वृक्षांची ठेवण एकच. हजार वृक्षांच्या 4,99,500 जोड्या होतात. पण यादीच ओळखखूण म्हणून साठवली, तर एका फेरीत सारखे वृक्ष एकत्र येतात.

न जुळणारे गट मोजून दोन वृक्षांमधलं अंतर काढण्याची पद्धत रॉबिन्सन आणि फोल्ड्स यांनी 1981मध्ये मांडली. अंतर शून्य, म्हणजे ठेवण सारखी. 'आर' भाषेतल्या 'एप' पॅकेजची 'युनिक' आज्ञा गठ्ठ्यातल्या अशा पुनरावृत्ती गाळते. वेगळं सांगितलं नाही, तर फांद्यांची लांबी ती विचारात घेत नाही.